२०२४ : तेव्हा तुम्ही कुठे होतात?

ओसरी (२२ डिसेंबर)

वर्ष संपत आलं की दहा उत्तम चित्रपट, दहा उत्तम पुस्तकं अशा याद्या सुरू होतात. मी त्या आवडीने वाचते. या धाग्यात मात्र एक जोडगोळी हवी आहे. सगळ्यांनी पाहिलेली एखादी गोष्ट, म्हणजे सामना, सिनेमा, गाणं, बातमी, काहीही. आणि ती घडत होती तेव्हा तुमच्या घरात काय चाललं होतं ते. १९८३ चा विश्वचषक म्हटलं की माझी आई अजूनही आधी शेजारच्या काकूंकडचा टीव्ही आणि त्यांच्या दारातला चपलांचा ढीग सांगते, मग कपिल देव. वर्ष असंच लक्षात राहतं असं मला मनापासून वाटतं.

सुरुवात मी करते. २९ जून, शनिवार. डोंबिवलीतच एका घरातून दुसऱ्या घरात सामान हलवलं होतं. टीव्ही खोक्यात, केबलवाला सोमवारी येणार. रात्री आम्ही सगळे जमिनीवर बसून, भांड्यांच्या खोक्याला मोबाइल टेकवून टी-ट्वेंटी विश्वचषकाचा भारत-दक्षिण आफ्रिका अंतिम सामना पाहत होतो. क्लासननं अक्षरला झोडपलं, त्या एका षटकात चोवीस धावा गेल्या आणि समीकरण आलं तीस चेंडूंत तीस, वर त्यांचे सहा गडी शिल्लक. सासरे उठून आत गेले आणि गाद्यांच्या सुतळ्या सोडायला लागले.

मोबाइलवरचं चित्र समोरच्या इमारतीतल्या टीव्हीपेक्षा मागे होतं. त्यामुळे शेवटची षटकं आम्ही आधी कानांनी ऐकली, मग डोळ्यांनी पाहिली. शेवटच्या षटकात सोळा हव्या होत्या. हार्दिकचा पहिला चेंडू, समोर मिलर. समोरच्या इमारतीतून एवढी मोठी आरोळी आली की खिडकीची तावदानं हलली, आणि आमच्या पडद्यावर हार्दिक अजून धावत येत होता. काहीतरी चांगलं घडलंय एवढंच कळलेलं. मग तो फटका, सीमारेषेवर सूर्या, चेंडू आत उडवून स्वतः बाहेर, परत आत. तो झेल पाहताना आम्ही कोणीच ओरडलो नाही, कारण तो घेतला गेलाय हे आम्हाला माहीत होतं. आम्ही तो कसा घेतला ते बघत होतो. सात धावांनी जिंकलो. सासरे सुतळी हातात तशीच धरून दारात उभे होते. नव्या घरातली ती पहिली रात्र.

आता तुम्ही लिहा. लांब लिहिलंत तरी चालेल.

राधानगरीकर

माझं उत्तर एकच. १ ऑगस्ट, पॅरिस ऑलिम्पिक, नेमबाज स्वप्निल कुसाळे.

मी कोल्हापुरात शाळेत शिकवतो, गाव राधानगरी तालुक्यात. स्वप्निलचं कांबळवाडी आमच्याच तालुक्यातलं. त्या दिवशी दुपारी शिक्षकखोलीत एका सरांचा लॅपटॉप टेबलावर, आणि ज्यांचा तास नव्हता ते सगळे भोवती. पन्नास मीटर थ्री पोझिशन हा प्रकार आमच्यातल्या निम्म्या लोकांना माहीतच नव्हता. आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून, शेवटी उभं राहून नेम धरायचा. पहिल्या दोन प्रकारांनंतर गडी पदकाच्या बाहेरच होता. उभ्यानं मारायला लागला आणि एकेक पायरी वर चढला. ४५१.४ गुण, कांस्य. या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळवणारा पहिला भारतीय.

१९५२ ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कांस्य आणलं, त्यानंतर वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळवणारा महाराष्ट्राचा हाच. मधे ७२ वर्षं गेली. आमच्या मुख्याध्यापकांचे वडील पैलवान होते. खाशाबांना हेलसिंकीला पाठवण्यासाठी लोकांनी वर्गणी कशी काढली, हे त्यांनी लहानपणापासून घरात ऐकलेलं. ते काही बोलले नाहीत. फळ्यावर दोन नावं एकाखाली एक लिहिली आणि तिथंच खुर्ची ओढून बसले. तो फळा आम्ही आठवडाभर पुसला नाही.

माझी गोष्ट अशी की, जूनमध्ये माझ्या पोरानं बारावीनंतर शिक्षण सोडून रायफल शूटिंग करायचं म्हणून घरात विषय काढला होता. मी ठाम नाही म्हटलेलं. एक ऑगस्टला संध्याकाळी घरी गेलो तर पोरगं जेवायला थांबलं होतं. स्वप्निल रेल्वेत टीसी आहे, नोकरी करत करत इथवर आलाय, हे मीच त्याला सांगितलं. आता तो कॉलेजलाही जातो आणि रेंजलाही जातो. पुढं काय होईल ते त्याच्या हातात आहे, पण घरातली ती भांडणं मिटली.

कृष्णाकाठ

सर, फार आवडलं. एक भर घालतो. याच वर्षी पॅरिसलाच पॅरालिम्पिकमध्ये आमच्या सांगली जिल्ह्यातल्या सचिन खिलारीनं गोळाफेकीत रौप्य मिळवलं, १६.३२ मीटर, आशियाई विक्रम. गाव करगणी, तालुका आटपाडी. आणि पदकांचा हिशेब मांडताना मुरलीकांत पेटकरांना वगळायचं नाही अशी माझी सगळ्यांना विनंती आहे. १९७२, हायडेलबर्ग पॅरालिम्पिक, ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्यानंतर! या जूनमध्ये त्यांच्या आयुष्यावर हिंदी चित्रपट आला तेव्हा कुठे माझ्या मुलींना हे नाव कळलं. तुमच्या फळ्यावर तिसरं आणि चौथं नाव लिहायला हवं.

राधानगरीकर

मान्य. शाळा उघडली की लिहितो.

भोईवाडा

मी सहसा वाचतो, लिहीत नाही. पण यावर्षी लिहावंसं वाटतंय.

मे महिन्यात कान चित्रपट महोत्सवात पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाईट'ला ग्रां प्री, म्हणजे तिथला दुसऱ्या क्रमांकाचा पुरस्कार, मिळालं. मुख्य स्पर्धेत भारतीय चित्रपट तीस वर्षांनी गेला होता. मला आधी फक्त छाया कदमचा फोटो माहीत होता. आईची साडी आणि आईची नथ घालून ती तिथं गेली होती. आईला विमानातून न्यायचं राहून गेलं, निदान तिची साडी-नथ तरी नेली, अशा अर्थाचं तिनं लिहिलं होतं. माझ्या आईनं तो फोटो माझ्या मोबाइलवर मोठा करकरून बघितला.

आमचं घर परळला चाळीत. वडील गिरणीत होते, ब्याऐंशीच्या संपात नोकरी गेली ती गेलीच. चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही काही वर्षं ट्रान्झिटच्या खोलीत. या वर्षाच्या सुरुवातीला विकासकाच्या ऑफिसातून निरोप आला की तुमच्या पात्रतेच्या फाइलमध्ये जुनी भाडेपावती नाही. खोली आजोबांच्या नावावर, मग वडिलांच्या, वडील गेले ते आधीच. ज्या घरात मी जन्मलो तिथं आम्ही राहत होतो हे आम्हालाच सिद्ध करायचं होतं. सगळा उन्हाळा आई पत्र्याची पेटी उघडून बसायची. रेशनकार्ड, लाइटबिलं, माझ्या बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला, वडिलांचं गिरणीचं ओळखपत्र. सगळं होतं, ती पावती तेवढी नव्हती.

नोव्हेंबरात सिनेमा इकडे लागला तेव्हा आईला घेऊन गेलो. त्यातली पार्वती, म्हणजे छाया कदम, हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात काम करते, नवरा गिरणी कामगार होता, आणि बिल्डर तिला घराबाहेर काढतोय कारण तिच्याकडे कागद नाहीत. मला हे आधी ठाऊक असतं तर आईला नेलं असतं की नाही, सांगता येत नाही. कागदांचा विषय निघाला तशी आई पडद्याकडे बघत मोठ्यानं म्हणाली, "लाइटबिल बघ म्हणावं, लाइटबिलावर नाव असेल." पुढच्या रांगेतली बाई वळली. मला वाटलं आता आईला गप्प करेल. तिनं मान डोलावली आणि पुन्हा पुढं बघायला लागली.

शेवटी पार्वती रत्नागिरीकडं आपल्या गावी परत जाते. घरी येताना बसमध्ये आई म्हणाली, "हिला गाव तरी आहे." आमचं गाव कधीच सुटलं, तिथं आता आमचं काही नाही. या सिनेमाबद्दल मी बरंच परीक्षण वाचलं, प्रकाशाबद्दल, पावसाबद्दल, सगळं खरं आहे. पण पात्रता, फाइल, पावती या शब्दांनी माणूस झोपेतून दचकतो ते ज्यांनी भोगलंय, त्यांच्यासाठी हा सिनेमा वेगळा आहे. इतक्या लांबच्या लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या माझ्या आईसारख्या बाईच्या गोष्टीला, याचं मला फार बरं वाटलं.

ओसरी

दोनदा वाचलं. लिहिल्याबद्दल आभार.

सांजवात (२४ डिसेंबर)

काल श्याम बेनेगल गेले, त्यामुळे हे इथंच लिहिते. ज्या कानची भोईवाडा यांनी आठवण काढली, त्याच महोत्सवात यंदा बेनेगलांच्या 'मंथन'ची नव्यानं दुरुस्त केलेली प्रत दाखवली गेली. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढलेला सिनेमा आणि त्यात आपली स्मिता. जूनमध्ये तो आपल्याकडच्या थिएटरांतही लागला होता. मी आणि माझी वहिनी दोघीच गेलो. आमच्या कॉलेजच्या दिवसांत स्मितासारखं कुंकू लावायची टूम होती. वहिनी त्या दिवशी तसंच लावून आली होती.

इंडियानाकर

आमच्याकडची आठवण आकाशातली. ८ एप्रिल, खग्रास सूर्यग्रहण. इंडियानापोलिस बरोबर पट्ट्यात होतं, जवळजवळ पावणेचार मिनिटं पूर्ण अंधार.

आई नाशिकहून आली होती. ती वेध पाळते, सकाळपासून तोंडात पाणी नाही. सोमवारी अमावास्या, म्हणजे सोमवती. दुसऱ्या दिवशी पाडवा. एवढं सगळं एकत्र आल्यावर ती बाहेर येणार नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आमच्या मुलीला शाळेनं सुट्टी दिलेली, ती अंगणात चष्मे घेऊन सज्ज. तीन वाजून गेले तसं ऊन विचित्र झालं, पिवळं नाही आणि ढगाळही नाही, सावल्या धारदार. गारवा आला. मुलगी आत धावत गेली आणि आजीला हाताला धरून घेऊन आली.

मग एकदम झालं. चष्मा काढला. सूर्याच्या जागी काळं वर्तुळ, भोवती पांढरी प्रभा, आणि खालच्या कडेला एक गुलाबी ठिपका. शुक्र ठसठशीत दिसत होता, दुसऱ्या बाजूला गुरू. रस्त्यावरचे दिवे लागले. शेजारच्या अंगणांतून लोक ओरडत होते, टाळ्या वाजवत होते. आईनं हात जोडले होते, पण डोळे मिटले नव्हते. तिनं सगळं बघितलं. उजेड परत आल्यावर तिनं आंघोळ केली, मग पहिला घास घेतला, आणि जेवता जेवता मुलीला विचारलं, "तो गुलाबी ठिपका काय होता गं?" मुलीनं आजीला ताटातल्या वाट्या मांडून सूर्याच्या ज्वाळा समजावल्या.

दुसऱ्या दिवशी डेकवर गुढी. आईनं साखरेच्या गाठी आणल्या होत्या, कलश घरात होता, काठीला पडद्याचा दांडा. आदल्या दिवशी टाळ्या वाजवणारे शेजारी विचारायला आले की हे ग्रहणासाठी आहे का. आईनं त्यांना नवीन वर्ष समजावून सांगितलं, तिच्या इंग्रजीत, न अडखळता. माझं २०२४ हे ते दोन दिवस.

चर्चगेट_लोकल

ओसरीताई, तुमच्या विश्वचषकाला माझी दुसरी बाजू जोडतो. ४ जुलैला मी मरीन ड्राइव्हला होतो. विजययात्रा पाचला निघणार होती, बस हलली साडेसातच्या आसपास. तोपर्यंत गर्दी इतकी झाली की हात वर केला तर खाली घ्यायला जागा नव्हती. माझ्या शेजारी एक मुलगी घुसमटून रडायला लागली. आम्ही चार-पाच अनोळखी लोकांनी गोल करून तिला कठड्यापर्यंत नेलं. रोहित, विराट, चषक, सगळं मी पाहिलं, लांबून. पण खरं सांगतो, मी घाबरलो होतो. टीव्हीवर ती गर्दी फार सुंदर दिसली म्हणतात. आतून ती तशी नव्हती. रुग्णवाहिकेला वाट करून दिल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी फिरवला, ते घडलंच आणि त्याचा अभिमान आहे. पण इतक्या लोकांना एका रस्त्यावर बोलवायचं तर बाहेर पडायच्या वाटा आधी आखायला हव्यात, हेही वर्षाच्या आठवणीत लिहून ठेवावंसं वाटतं.

ओसरी

बरं केलंत लिहिलंत. माझा भाऊही तिथं होता, तो रात्री दीडला घरी पोचला आणि असंच काहीसं म्हणाला होता.

सराफा_गल्ली

इंदूरहून. ३ ऑक्टोबर, घटस्थापना. संध्याकाळी बातमी आली, मराठीला अभिजात दर्जा. या दर्जासाठी नेमलेल्या पठारे समितीचा अहवाल २०१३ चा, म्हणजे वाट किती पाहिली बघा. मी रविवारी आमच्या कॉलनीतल्या मुलांना मराठी वाचायला शिकवते. ही मुलं घरात मराठी बोलतात, शाळेत हिंदी-इंग्रजी लिहितात, त्यामुळे 'ळ' लिहायची वेळ आली की थबकतात. त्या रविवारी मी गाथा सप्तशतीची गोष्ट सांगितली. दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी शेतातल्या बायकांबद्दल दोन ओळी लिहिल्या आणि त्या टिकल्या, हे ऐकून एका मुलानं विचारलं की मग आमच्या आजीच्या ओव्या कुणी लिहिल्यात का? आता त्या लिहायला घेतल्या आहेत. आजी सांगते, नातू लिहितो, मी ऱ्हस्व-दीर्घ बघते. दर्जाचा सरकारी फायदा केव्हा दिसेल तेव्हा दिसेल, आमची वही चालू झाली.

तिरकिट

झाकीर हुसेन यांच्याबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, म्हणून मी लिहितो.

हे वर्ष त्यांच्याच नावानं सुरू झालं होतं. फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी, असं करणारे पहिले भारतीय. आमच्या तबल्याच्या क्लासच्या गटावर सकाळपासून अभिनंदनांचा पूर. मी पन्नाशीत तबला शिकायला लागलेला माणूस, बँकेतली नोकरी सांभाळून. २१ जुलैला गुरुपौर्णिमेला पहिल्यांदा चार लोकांसमोर एकट्यानं वाजवलं. पेशकार आणि एक कायदा या तबल्याच्या रचना, साथीला पेटीवर लेहरा. समेवर आलो तेव्हा पहिल्या रांगेत बायकोनं हातावर ताल धरलेला दिसला. ती कधी मैफलीला येत नाही. त्या दिवशी ती मात्रा मोजत होती.

१५ डिसेंबरच्या रात्री उस्ताद गेल्याची बातमी आली, मग ती खोटी असल्याचं आलं, मग सकाळी खरी ठरली. त्या रात्री झोप नव्हती. मंगळवारच्या क्लासला कोणी काही बोलेना. गुरुजींनी नेहमीसारखी हातोडी घेतली, गट्टे ठोकत तबला सुरात लावला आणि नुसता तीनतालाचा ठेका धरला. आम्ही एकेक जण त्यात मिसळत गेलो. विलंबित, अगदी साधा ठेका. उस्तादांच्या हाताला जो वेग होता त्याची सर आमच्यातल्या कुणाला आयुष्यात येणार नाही. पण साध्या ठेक्यात त्यांचा 'धा' किती गोल आणि भरलेला यायचा, हे गुरुजी आम्हाला पहिल्या दिवसापासून ऐकवत आले आहेत. तेवढं तरी जमावं म्हणून आम्ही तासभर तेच वाजवलं.

भीमाकाठचा

आमची आठवण पाण्याची. उन्हाळ्यात उजनी धरण मृतसाठ्याच्याही बरंच खाली गेलं, आणि पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं. एरवी पाण्यात असतं, दुष्काळ पडला की दर्शन देतं. माझी आत्या त्या बुडालेल्या गावची. सत्तरच्या दशकात धरणासाठी गाव उठलं तेव्हा ती परकरातली पोर. मे महिन्यात तिला घेऊन गेलो. गाळ वाळून भेगा पडलेल्या, त्यात शिंपले. बघायला आलेल्या पोरांच्या मोबाइलवर 'गुलाबी साडी' मोठ्यानं चालू, यंदा ते गाणं कुठं नव्हतं सांगा. आत्या शिखराकडं पाठ करून चालत सुटली. देवळापासून अमुक दिशेला वेस, वेशीपासून तिसरं घर, असं पुटपुटत. एका दगडी जोत्यापाशी थांबली आणि म्हणाली, इथं आमचं जातं होतं.

ऑगस्टच्या सुरुवातीला धरण भरलं. आम्हाला उसाला पाणी हवं, सोलापूरला प्यायला हवं, भरलं ते फार बरं झालं. आत्याला फोन केला, तीही तेच म्हणाली.

ऑक्टोबरात आदिनाथ कोठारेचा 'पाणी' आला, नांदेडकडच्या नागदरवाडीच्या हनुमंत केंद्रेंची खरी गोष्ट. गर्दी नव्हती थेटरात. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी जरूर बघा.

संत्रानगरी (२७ डिसेंबर)

इथं सगळं वाचून राहिलो होतो. आता आमचं ऐका.

पोरगी दहा वर्षांची, बुद्धिबळ खेळते. २२ सप्टेंबरला बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला, दोन्ही गटांत भारताला सुवर्ण. एका संघात नाशिकचा विदित, दुसऱ्यात आमच्या नागपूरची दिव्या देशमुख. तिनं अकरापैकी साडेनऊ गुण काढले आणि तिसऱ्या पटाचं वैयक्तिक सुवर्णही घेतलं. आमच्या पोरीच्या क्लासमध्ये त्या आठवड्यात सगळ्या पोरींना तिसऱ्या टेबलावरच बसायचं होतं.

पण मनात बसलं ते १२ डिसेंबर. सिंगापूर, विश्वविजेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव, गुकेश काळ्या मोहऱ्यांनी. बरोबरीत सुटणार म्हणून मी चहा टाकायला उठलो. डिंग लिरेननं हत्ती चुकीच्या घरात नेला आणि पोरगी किंचाळली. मला काही कळलं नाही, तिला कळलं. हत्ती जातो, उंट जातो, मग नुसती प्यादी उरतात आणि गुकेशचं एक जास्त, हे तिनं मला पटावर लावून दाखवलं. अठराव्या वर्षी विश्वविजेता. आणि जिंकल्यावर, डोळ्यांतून पाणी वाहत असताना, त्या मुलानं आधी सगळ्या सोंगट्या आपापल्या जागी नीट लावल्या. मग पटाला हात जोडले. हे तो नेहमीच करतो म्हणे. तेव्हापासून आमच्या घरी डाव संपला की सोंगट्या लावल्याशिवाय कोणी उठत नाही. हरलो तरी.

ओसरी

भोईवाडा, एक विचारू का? त्या भाडेपावतीचं पुढे काय झालं?

भोईवाडा

सापडली, ताई. दिवाळीनंतर. पेटीत नव्हतीच. वडिलांच्या एका जुन्या मित्राकडे होती. संपाच्या काळात काही कर्जासाठी म्हणून वडिलांनी मूळ कागद त्यांच्याकडे ठेवले होते, आणि ते काका आता विरारला राहतात. आम्ही सिनेमा बघून आल्यावर आईला कोण कोण लोक आठवायला लागले, त्यात त्यांचं नाव निघालं. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीत घडी न मोडता जपून ठेवली होती. फाइल पूर्ण झाली आहे. चावी मार्चमध्ये म्हणतायत. मी सगळ्या कागदांचे फोटो काढून बहिणीच्या आणि माझ्या मेलवर ठेवलेत. चाळीत राहणाऱ्या सगळ्यांनी आजच हे काम करा.

संत्रानगरी (२९ डिसेंबर)

वा! मार्चमध्ये इथं कळवा नक्की.

आणि धागा बंद करू नका, वर्ष अजून संपलं नाही. कोनेरू हंपीनं न्यूयॉर्कमध्ये महिलांचं जलद बुद्धिबळाचं जागतिक विजेतेपद जिंकलं, अकरापैकी साडेआठ गुण. २०१९ नंतर दुसऱ्यांदा. वय ३७, घरी लहान मुलगी. आमची पोरगी सकाळपासून विचारून राहिली की दिव्या मोठी का हंपी मोठी. इथल्या जाणकारांनी सांगा, मी तिला काय उत्तर देऊ?